सीएमईचे तास आणि दवाखान्यातले केसपेपर : फॅमिली डॉक्टरांच्या शिक्षणाविषयी खुले पत्र

प्रति,
फॅमिली डॉक्टरांसाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे (सीएमई) कार्यक्रम आखणाऱ्या, त्यांना मान्यता देणाऱ्या आणि त्यांवर खर्च करणाऱ्या सर्व संस्था

विषय : उपचारांच्या गाइडलाइन्स शिकवण्याची सध्याची पद्धत बदलण्याबाबत

महोदय/महोदया,

आपली कार्यक्रमपत्रिका हातात पडली की विषय वाचण्याआधीच साचा ओळखू येतो. सुट्टीची सकाळ, सभागृह, तीन तज्ज्ञ, प्रत्येकाच्या साठ-सत्तर स्लाइड्स, प्रश्नोत्तरांसाठी उरलेली दहा मिनिटे, जेवण आणि प्रमाणपत्र. विषय मधुमेह असो, दमा असो की अँटिबायोटिक्स, यात फरक पडत नाही. सह्यांच्या वहीत नाव आले की क्रेडिटचे, म्हणजे शिक्षण घेतल्याच्या अधिकृत नोंदीचे, तास खात्यावर जमा होतात आणि सोमवारी दवाखाना शुक्रवारी होता तसाच सुरू होतो.

या सभांचा काहीच उपयोग नाही असे आमचे म्हणणे नाही. उपयोग किती हे मोजले गेले आहे. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांनुसार अशा सभांमुळे अपेक्षित उपचार करण्याच्या प्रमाणात साधारण शंभरात सहा-सात रुग्णांची भर पडते. म्हणजे आधी शंभरातल्या पन्नास जणांना योग्य उपचार मिळत असतील, तर नंतर छप्पन-सत्तावन्न जणांना मिळतात. हे कमी नाही. पण त्याच आढाव्याच्या २००९ च्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट नोंदवली आहे : डॉक्टरची गुंतागुंतीची सवय बदलायची असेल, तिथे सभांचा परिणाम दिसत नाही. आणि फॅमिली डॉक्टरच्या कामात बदलायला हव्यात अशा बहुतेक गोष्टी गुंतागुंतीच्याच असतात.

मूळ चूक गृहीतकात आहे. डॉक्टर गाइडलाइन पाळत नाही म्हणजे त्याला ती माहीत नसणार, असे धरून आपण कार्यक्रम आखता. कबाना आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ७६ अभ्यास एकत्र करून डॉक्टरांचे २९३ अडथळे मांडले होते. माहिती नसणे हा त्यांतला एक गट. बाकीचे असे : माहीत आहे पण तपशील आठवत नाही, माहीत आहे पण पटत नाही, पटते पण आपल्याला जमेल असे वाटत नाही, जमेल पण केल्याने रुग्णाला फरक पडेल असे वाटत नाही, हात जुन्या सवयीनेच चालतो, आणि वेळ, साधने, रुग्णाचा आग्रह अशी बाहेरची कारणे. भाषणाने यांतल्या पहिल्या दोन गटांवर काम होते, ओढूनताणून तिसऱ्यावर. पुढचे सगळे तसेच राहते.

उच्च रक्तदाबाचेच बघा. १४०/९० पासून पुढे रक्तदाब जास्त धरायचा, हा आकडा ठाऊक नसलेला डॉक्टर शोधूनही मिळणार नाही. तरीही लागोपाठ तिसऱ्या भेटीत १५२/९४ भरलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘तीच औषधे चालू’ असे लिहिलेले सर्रास आढळते. याला उपचारातले जडत्व म्हणतात. २००१ साली फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी ते नाव रूढ केले. यावर १४०/९० पुन्हा एकदा पडद्यावर दाखवून काय होणार? जडत्वामागे निदान तीन वेगळी कारणे असतात आणि तिघांना वेगळे शिक्षण लागते.

पहिले कारण असे, की डॉक्टरचा स्वतःच्याच आकड्यावर विश्वास नसतो. ‘आज घाईत आलेत, पुढच्या वेळी बघू.’ बरेचदा ही शंका रास्तही असते, कारण बीपी मोजलेले असते चुकीच्या पद्धतीने. रुग्णाने पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि एकमेकांवर न टाकलेले, मूत्राशय रिकामे, दंड उघडा, हात हृदयाच्या पातळीला आधारावर. कफच्या, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याच्या, आतली रबरी पिशवी लांबीने दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के भागाला वेढणारी हवी. एका मिनिटाच्या अंतराने निदान दोन वेळा मोजायचे आणि सरासरी लिहायची. मोजताना दोघांनीही बोलायचे नाही. गर्दीच्या दवाखान्यात यांतले निम्मेही पाळले जात नाही. लहान कफ जाड दंडाला लावला तर आकडा वर जातो, हात खाली लोंबत असला तरी वर जातो, मोजताना चौकशा चालू असल्या तरी वर जातो. नेहमीच्या बहुतेक चुका एकाच दिशेने ढकलतात, आणि ‘खरे एवढे नसणार’ हा डॉक्टरचा अंदाज त्यातूनच पक्का होत जातो.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. बीपीच्या शेवटच्या पन्नास नोंदी काढा आणि वरच्या आकड्याचा शेवटचा अंक पाहा. दोन-दोनच्या खुणा असलेल्या उपकरणावर नीट वाचले तर शून्य साधारण पाचात एकदा यायला हवे, डिजिटल उपकरणावर दहात एकदा. पन्नासांपैकी तीस नोंदी शून्यावर संपत असतील तर तिथे मोजमाप कमी आणि अंदाज जास्त आहे. आमच्या मते रक्तदाबाच्या कोणत्याही कार्यक्रमाची सुरुवात या एका तक्त्याने व्हावी. त्यानंतर अर्धा तास कफ हातात घेऊन सराव, तोही डॉक्टर आणि त्यांच्या सहायकांना एकत्र बसवून, कारण बरेचदा बीपी मोजणारा सहायकच असतो आणि त्याला कुणी बोलावतच नाही.

दुसरे कारण : पुढचे पाऊल कोणते हे त्या क्षणी डोळ्यांसमोर नसते. गाइडलाइनमध्ये औषधांचे गट असतात. डॉक्टरला लिहायचे असते औषधाचे नाव, मिलिग्रॅम आणि पुढची तारीख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांत थायझाइड गट, एसीई इनहिबिटर किंवा एआरबी, आणि दीर्घकाळ काम करणारे कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर असे तीन गट सुरुवातीसाठी सुचवले आहेत. औषध सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर बीपी आटोक्यात येईपर्यंत दरमहा तपासणी आणि नंतर तीन ते सहा महिन्यांनी, असेही त्यात आहे. हे त्या दवाखान्यात खरोखर मिळणाऱ्या औषधांच्या नावांत आणि डोसांत उतरवून एका पानावर टेबलाच्या काचेखाली असायला हवे. ते पान कार्यक्रमात आयते वाटू नका, डॉक्टरांकडून तिथेच भरून घ्या. स्वतःच्या अक्षरात लिहिलेले पान वापरले जाण्याची शक्यता जास्त असते. छापील पत्रके कुठे जातात हे आपल्यालाही ठाऊक आहे.

तिसरे कारण रुग्णाकडून येते. गोळी वाढवली म्हणजे आजार वाढला, असे त्याला वाटते. तो नको म्हणतो आणि डॉक्टरही सुटकेचा श्वास टाकतो. यावर उपाय संवादाच्या सरावाचा आहे, आणि तो स्लाइडवर होत नाही.

संवादाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो खोकल्याच्या रुग्णासमोर. तीव्र ब्राँकायटिस (श्वासनलिकांचा दाह) बहुतांशी विषाणूंमुळे होतो आणि त्यात अँटिबायोटिकचा फायदा नगण्य असतो, हे वाक्य प्रत्येक डॉक्टर परीक्षेत लिहून आलेला आहे. अडते ते आठव्या दिवशी. एबेल आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात असा खोकला सरासरी सुमारे १८ दिवस टिकतो असे दिसले, आणि लोकांची अपेक्षा होती सात ते नऊ दिवसांची. मधल्या नऊ-दहा दिवसांत रुग्ण परत येतो, ‘फरक नाही’ म्हणतो आणि चिठ्ठीवर अँटिबायोटिक उतरते. पुढे खोकला आपल्या मुदतीने जातो आणि श्रेय गोळीला मिळते. पुढच्या वेळी रुग्ण तीच मागतो, डॉक्टरलाही ती ‘लागू पडलेली’ आठवते.

म्हणून शिकवायचे ते पहिल्या भेटीतले चार-पाच वाक्यांचे बोलणे. आधी तपासणीत काय आढळले ते मोठ्याने सांगायचे : छाती साफ आहे, श्वासाची गती ठीक आहे. मग मुदत : खोकला दोन-तीन आठवडे राहील, हळूहळू कमी होईल. मग त्रास कमी करण्यासाठी काय करायचे. शेवटी परत कधी यायचे ते नेमके : धाप लागली, ताप उतरून पुन्हा चढला, छातीत दुखले, थुंकीतून रक्त आले, तर त्याच दिवशी. ‘व्हायरल आहे, औषधाची गरज नाही’ एवढेच सांगितले तर रुग्णाला झटकल्यासारखे वाटते. या बोलण्याचा सराव तिघांच्या गटात करावा : एक डॉक्टर, एक हटून बसलेला रुग्ण, एक निरीक्षक, आणि पाच मिनिटांनी भूमिका बदल. ज्येष्ठ डॉक्टर सुरुवातीला याला नाटक म्हणून हसतात. हसू द्यावे, पण सराव सोडू नये.

अँटिबायोटिकच्या बाबतीत डॉक्टरची सवय कशाने हलते, याचे चांगले पुरावे उपलब्ध आहेत. मीकर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ‘जामा’मध्ये ४७ प्रॅक्टिसमधल्या (म्हणजे दवाखान्यांतल्या) २४८ डॉक्टर-परिचारिकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाने पर्यायी औषधे सुचवण्याचा ठळक फायदा दिसला नाही. फायदा झाला तो दोन गोष्टींचा : अँटिबायोटिक लिहिताना त्याचे कारण स्वतःच्या शब्दांत टंकायला लावणे, जे रुग्णाच्या नोंदीत कायम दिसत राहते, आणि सहकाऱ्यांच्या तुलनेत आपण कुठे आहोत हे दरमहा कळवणे. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हॉल्सवर्थ आणि सहकाऱ्यांचा इंग्लंडमधला प्रयोग आला. सर्वाधिक अँटिबायोटिक लिहिणाऱ्या वीस टक्के प्रॅक्टिसना तिथल्या चीफ मेडिकल ऑफिसरच्या सहीचे पत्र गेले : तुमच्या भागातल्या ८० टक्के प्रॅक्टिस तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक लिहितात. एवढ्या पत्राने सहा महिन्यांत प्रमाण ३.३ टक्क्यांनी घटले. रुग्णांसाठीच्या पत्रकांनी आणि भित्तिपत्रकांनी ठळक फरक पडला नाही. एका भित्तिपत्रक-मोहिमेचा खर्च अशा पत्रांकडे वळवला तरी पुष्कळ होईल.

पत्राच्या पुढचे पाऊल म्हणजे दवाखान्यात जाऊन समोरासमोर बोलणे. १९८३ साली अवॉर्न आणि सुमेराय यांनी औषधनिर्माणशास्त्राच्या प्रशिक्षित जाणकारांना डॉक्टरांकडे पाठवले. औषध कंपनीचा प्रतिनिधी ज्या कौशल्याने बोलतो तेच कौशल्य, फक्त विकायचे काही नाही. ठरवलेल्या औषधांचे अनावश्यक लेखन १४ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांना फक्त छापील मजकूर टपालाने गेला त्यांच्यात बदल झाला नाही. अशी भेट पंधरा-वीस मिनिटांची असावी, मुद्दा एकच असावा. आधी डॉक्टरला बोलू द्यावे, त्याची अडचण ऐकावी, मग पुरावा, आणि निघताना पुढच्या भेटीची तारीख. तीन मुद्दे घेऊन गेलेला माणूस एकही पोहोचवून येत नाही.

आता ऑडिटबद्दल, म्हणजे स्वतःचे केसपेपर ठरलेल्या निकषावर तपासण्याबद्दल, सविस्तर, कारण आमची मुख्य मागणी तीच आहे. आपण किती नीट काम करतो याचा डॉक्टरचा स्वतःचा अंदाज भरवशाचा नसतो. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २००६ साली हे दाखवून दिले आहे. त्यामुळे सभेनंतर भरून घेतल्या जाणाऱ्या ‘आपणास उपयोग झाला का?’ या फॉर्मला अर्थ उरत नाही. अर्थ आहे तो केसपेपरला. एकच निकष घ्या, उदाहरणार्थ : मधुमेहाच्या रुग्णाचे पाय गेल्या बारा महिन्यांत मोनोफिलामेंटने (स्पर्शाची जाणीव तपासण्याच्या नायलॉनच्या बारीक तंतूने) तपासून नोंद केली आहे का. निकष हो किंवा नाही असाच हवा. ‘पायांची योग्य काळजी’ हा निकष नव्हे. मग मधुमेहाचे लागोपाठचे तीस केसपेपर काढा. लागोपाठचेच. निवडून काढले की लक्षात राहिलेले, म्हणजे चांगले सांभाळलेले रुग्णच हाती लागतात. तिसांपैकी किती ‘हो’, ते लिहा. अपवाद वेगळे लिहा, कारणासह.

यात गाडी नेहमी त्याच ठिकाणी घसरते. निकष बारा ठेवले जातात आणि एकही पूर्ण होत नाही. आकडे सहा महिन्यांनी परत येतात, तोवर डॉक्टर विषय विसरलेला असतो. तुलना सरासरीशी केली जाते, आणि सरासरीच्या जरा वर असलेला डॉक्टर निर्धास्त होतो. तुलना गटातल्या सर्वांत चांगल्यांशी करावी. आकडा दिला जातो, पण पुढे काय करायचे ते ठरत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे आकडा वरिष्ठांच्या टेबलावर जाऊन खुलासा मागण्यासाठी वापरला जातो. एकदा असे झाले की त्या भागातल्या नोंदी कायमच्या सुधारतात, काम मात्र सुधारत नाही. मोबदला निकषाला बांधला की बीपीच्या नोंदी १४० च्या जरासे खाली गोळा होऊ लागतात, हा धडाही पुन्हा शिकण्याची गरज नाही. कॉक्रेनच्या २०१२ च्या आढाव्यात ऑडिट-फीडबॅकचा मध्यक परिणाम शंभरात साधारण चारच होता, पण फैलाव मोठा होता. सुरुवातीचे काम कमकुवत असेल, सांगणारा वरिष्ठ किंवा सहकारी असेल, एकापेक्षा जास्त वेळा आणि तोंडी-लेखी दोन्ही सांगितले जाईल, आणि उद्दिष्ट व कृती ठरलेली असेल, तिथे परिणाम जास्त. म्हणजे फरक ऑडिट केले की नाही यापेक्षा ते कसे केले यात आहे.

शिकवणार कोण, हाही प्रश्न आहेच. आपण सुपरस्पेशालिस्ट बोलावता. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण त्यांच्यासमोर येणारा रुग्ण आधीच गाळून आलेला असतो. हृदयरोग विभागातल्या छातीदुखीत हृदयविकाराची शक्यता जेवढी, तेवढी दवाखान्यातल्या छातीदुखीत नसते, आणि त्यामुळे त्याच तपासणीचा अर्थ दोन ठिकाणी वेगळा लागतो. शिवाय त्यांची गाइडलाइन एका आजाराची असते. बॉइड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली पाच दीर्घ आजार असलेल्या ७९ वर्षांच्या एका काल्पनिक बाईंवर सगळ्या गाइडलाइन्स अक्षरशः लावून पाहिल्या : बारा औषधे, दिवसाला १९ डोस. अशा बाई फॅमिली डॉक्टरच्या रांगेत रोज असतात. म्हणून मुख्य शिक्षक फॅमिली डॉक्टरच असावा आणि तज्ज्ञाने बाजूला बसून अडलेल्या ठिकाणी बोलावे. तो डॉक्टर निवडण्याची सोपी रीत आहे : भागातल्या डॉक्टरांना विचारा, अवघड रुग्ण आला की तुम्ही कुणाला फोन करता? जी दोन-तीन नावे पुन्हा पुन्हा येतील, ती घ्या. पदांची यादी पाहू नका.

गाइडलाइन केव्हा पाळायची नाही, हेदेखील शिकवावे लागेल. ‘शिफारस जोरदार’ आणि ‘शिफारस सशर्त’ यांतला फरक ग्रेड या शिफारशींचे बळ ठरवण्याच्या पद्धतीत स्पष्ट असतो. पहिलीत जवळपास सर्व रुग्णांना तेच करावे, दुसरीत रुग्णाच्या पसंतीनुसार निर्णय बदलू शकतो. बऱ्याच डॉक्टरांना दोन्ही सारख्याच हुकमासारख्या वाटतात, आणि मग काहीजण सगळेच धाब्यावर बसवतात. गाइडलाइन सोडली तर एका ओळीत कारण लिहायचे : ‘उभे राहिल्यावर चक्कर, सिस्टोलिक (वरचा आकडा) २० ने उतरते, डोस वाढवला नाही.’ अशी नोंद ऑडिटमध्ये अपयश म्हणून मोजू नये.

जुने सोडवणे हे नवे शिकवण्यापेक्षा अवघड असते. दम्यासाठी नुसता साल्ब्युटामॉलसारखा तात्पुरता आराम देणारा पंप पुरेसा नाही, श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड त्यासोबत हवे, अशी भूमिका दम्याच्या जागतिक गाइडलाइन्स काढणाऱ्या जीना या संस्थेने प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांसाठी २०१९ साली घेतली. त्याआधी अनेक दशके सौम्य दम्याला नुसता हा आराम देणारा निळा पंप दिला जात होता. ती सवय ‘नवीन काय’ या शीर्षकाच्या स्लाइडने जात नाही. नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर असलेल्या रुग्णांची यादी काढायला लावा, तिथून सुरुवात होते. आणि येताना पंप आणायला सांगून तो समोर ओढून दाखवायला लावा, कारण औषध बरोबर आणि ओढणे चूक, असे सतत दिसते. शेकेल आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या अंदाजानुसार ५.८ वर्षांत निम्म्या गाइडलाइन्स कालबाह्य होतात, म्हणून टेबलावरच्या प्रत्येक पानावर आवृत्तीची तारीख आणि फेरतपासणीची तारीख हवी.

वेळेचा मुद्दा टाळता येणार नाही. २,५०० रुग्ण सांभाळणाऱ्या एका डॉक्टरने सगळ्या शिफारशी पाळायच्या तर दिवसाला २६.७ तास लागतील, असा हिशेब २०२२ साली पोर्टर आणि सहकाऱ्यांनी मांडला. दिवस मात्र चोवीसच तासांचा आहे. तेव्हा ‘सर्व गाइडलाइन्स पाळा’ असे आवाहन करणे बंद करून वर्षाला चारच गोष्टी निवडा, आणि त्यांतल्या कोणत्या सहायकाकडे सोपवता येतील ते आधी ठरवा.

औषध कंपनीच्या पैशावर होणाऱ्या कार्यक्रमाला गाइडलाइनचे प्रशिक्षण म्हणू नये. यावर जास्त लिहिण्याची गरज नसावी.

आमचा प्रस्ताव असा. आठ-दहा डॉक्टरांचे गट करा, विषय तिमाहीला एक. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने तीस केसपेपरचे ऑडिट करावे. दुसऱ्या आठवड्यात दीड तासाची बैठक : वीस मिनिटे आकडे, वीस मिनिटे गाइडलाइनचा नेमका भाग, अर्धा तास सराव, आणि उरलेल्या वीस मिनिटांत प्रत्येकाने दवाखान्यात काय बदलणार ते एका वाक्यात लिहून द्यावे. ‘जागरूक राहीन’ हे वाक्य स्वीकारू नये, ‘मोनोफिलामेंट टेबलावर ठेवीन आणि मधुमेहाच्या रुग्णाला बूट काढून आत पाठवायला सहायकाला सांगीन’ हे स्वीकारावे. सहाव्या आठवड्यात एक भेट किंवा फोन. बाराव्या आठवड्यात पुन्हा लागोपाठचे तीस केसपेपर. क्रेडिटचा मोठा हिस्सा या दुसऱ्या ऑडिटला द्यावा, आकडा सुधारला म्हणून नव्हे, तर ते प्रामाणिकपणे पूर्ण केले म्हणून. आकडे गटाकडेच राहावेत, आपल्याकडे फक्त नावांशिवायची बेरीज यावी. दुसऱ्या फेरीतही आकडा हलला नाही तर पुन्हा तेच व्याख्यान ठेवू नये. कबाना यांच्या यादीतले कोणते कारण आडवे आले ते गटाला विचारावे, आणि कारण बाहेरचे निघाले, म्हणजे मोनोफिलामेंट नाही, योग्य मापाचा कफ नाही, औषध मिळत नाही, तर ते सोडवणे आपले काम समजावे.

पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकातल्या निदान दोन सभांच्या जागी हे करून पाहावे. कोणते दोन विषय घेणार, प्रत्येकाचा एकच निकष कोणता आणि पहिले ऑडिट कोणत्या आठवड्यात, एवढे आपण लेखी कळवावे, ही विनंती.

आपले,
कौटुंबिक वैद्यक शिकवणारे आणि दवाखाना चालवणारे काही डॉक्टर